औषधी गुळण्यांची पूर्वपीठिका



चर्चगेटहून विरारकडे जाणारी गाडी भाईंदर स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळांत वसईच्या खाडीवरील पुलावर चढते. खाडीच्या अलीकडील भाईंदर, राई, मुर्धे, मिरे हीं गांवें आणि समुद्राकडील उत्तन आज मीरा-भाईंदर या एका नांवाखालीं आलीं आहेत. तेथील महानगरपालिका २००२ सालची. २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींतील वस्ती आठ लाखांवर भरली. परंतु या इमारतींच्या पूर्वींचें भाईंदर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें प्रथम उभीं राहतात तीं तेथील मिठागरें. भरतीचें पाणी बांधाच्या उघाडींतून आंत घ्यावयाचें, उथळ वाफ्यांतून खेळवीत तें उन्हानें आटवावयाचें, आणि खडा धरला म्हणजे मीठ ओढून त्याच्या राशी घालावयाच्या, हा उद्योग या किनाऱ्यावरील आगरी कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या केला. दुखऱ्या तोंडावर पहिला उपाय म्हणून मुंबईच्या आसपासच्या घरांतून मिठाच्या पाण्याची जी गुळणी केली गेली, तिच्यांतील मीठ अशाच आगरांतून आलेलें असे.

गुळणी ही आपल्याकडे इतकी घरगुती वस्तु आहे कीं, तिला कांहीं इतिहास असेल असें सहसा मनांतहि येत नाहीं. वस्तुतः तिचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे आणि तो मोठा बोधक आहे. आज मी घसा बसल्यावर करावयाच्या गुळण्यांविषयीं बोलणार नाहीं. माझा विषय तोंडांतील जुनाट दाहाचा आहे. हिरड्या महिनोन् महिने सुजलेल्या राहणें, दांत घासतांना रक्त येणें, पुढें पू वाहूं लागून दांत हलूं लागणें, ज्याला आपण पायोरिया म्हणतों. वरचेवर तोंड येणें. गालाच्या आंतील बाजूस पांढुरकी जाळी दिसून तिखट न सोसणें. हे ते विकार. त्यांवर औषधी पाण्याच्या गुळण्या प्रत्येक युगानें केल्या, प्रत्येक युगानें आपली गुळणी पूर्वींच्यापेक्षां सरस मानली, आणि तरीहि माणसांचे दांत पडतच राहिले. गुळणी नेमकी कोठपर्यंत पोंचते, हा प्रश्न कोणीं केव्हां विचारला आणि त्याला काय उत्तर मिळालें, तें मला येथें सांगावयाचें आहे.

आरंभ सुश्रुतापासून करणें भाग आहे. सुश्रुतसंहितेंत मुखरोग ६५ सांगितले आहेत. त्यांतील १५ केवळ हिरड्यांचे आणि सर्व तोंडभर पसरणारे ३. या शेवटच्या तिहींत आपलें नेहमींचें तोंड येणें बसतें. हिरड्यांच्या रोगांचीं वर्णनें वाचतांना ग्रंथकारानें रोग्याच्या तोंडांत वाकून पाहिलें होतें याविषयीं शंका राहत नाहीं. 'शीताद' या रोगांत हिरड्यांतून एकाएकीं रक्त येतें, त्या काळसर व मऊ पडतात, तोंडाला दुर्गंधि येते. 'दंतवेष्ट' या रोगांत पू आणि रक्त वाहतें व दांत हलूं लागतात. आजचा दंतवैद्य या दोन अवस्थांना निराळीं नांवें देईल, पण ओळखल्यावांचून राहणार नाहीं.

आतां चिकित्सा पाहा. शीतादावर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांचा काढा करून त्यांत रसांजन घालून गुळणी धरावयास सांगितली आहे. दंतवेष्टावर वड, उंबर, पिंपळ अशा चिकाच्या झाडांच्या काढ्याची मध, तूप व साखर घातलेली गुळणी सांगितली आहे. परंतु या दोन्ही ठिकाणीं गुळणी ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे दूषित रक्त काढून टाकणें. दांतांवर चढणाऱ्या खड्याला सुश्रुतानें 'दंतशर्करा' असें नांव दिलें असून तो खडा काढण्यासाठीं 'दंतशंकु' नांवाचें शस्त्र वर्णिलें आहे. आणि हिरडीच्या मुळाला इजा न करतां तो उचलावा, मग लाखेचें चूर्ण मधांतून लावावें, असा स्पष्ट आदेश आहे. आधीं हात, मग औषध, हा त्याचा क्रम.

गुळणीचेहि शास्त्रकारांनीं दोन प्रकार केले. तोंडांत द्रव इतका भरावा कीं तो हलवतां येऊं नये, तो 'गंडूष'. सुखानें खळबळवतां येईल इतकाच घ्यावा, तो 'कवल'. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत एक संबंध अध्याय या विधीला वाहिला आहे. अंग ताठ ठेवावें, मन दुसरीकडे जाऊं देऊं नये, आणि गाल कफानें भरून नाका-डोळ्यांतून पाणी येऊं लागेपर्यंत द्रव तोंडांत धरावा, असा हा खटाटोप होता. स्नानगृहांत घड्याळाकडे पाहत अर्ध्या मिनिटांत उरकण्यासारखें तें काम नव्हतें. गंडूषांतहि स्निग्ध करणारा, शमन करणारा, शोधन करणारा आणि जखम भरून आणणारा असे भेद होते. तिळाच्या तेलाचा गंडूष आज नव्या नांवानें पश्चिमेकडून परत आलेला दिसतो. त्याला मी हंसत नाहीं, फक्त तो कोठून गेला होता एवढें लक्षांत असावें.

पुढें काय झालें? माझ्या मतें या विद्येचा सोपा अर्धा भाग घरांत उतरला आणि अवघड अर्धा मागें राहिला. दंतशंकु चालविणारा हात दुर्मिळ झाला. काढा मात्र प्रत्येक आजीच्या हातीं आला. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारखे ग्रंथ मराठी घरांत जपून ठेवले जात आणि तोंड आलें कीं ते उघडले जात. जाईचीं पानें चावून त्यांचा रस तोंडांत घोळवावा, बाभळीच्या सालीचा काढा करावा, तुरटीचें पाणी घ्यावें, कात लावावा, हे उपाय शहाण्यासुरत्या घरांत कोणाला विचारावे लागत नसत. या वस्तु निरर्थक नव्हत्या. बाभूळ आणि कात यांत तुरट द्रव्य भरपूर असतें. तें सुजलेल्या त्वचेवरील रसांशीं मिळून पातळ पापुद्रा धरतें, रक्त थांबतें, झोंबणें कमी होतें. तुरटीचें कार्य असेंच. मिठाचें पाणी अर्धा लहान चमचा एका पेल्याला या बेतानें केलें तर तें जखमेला फारसें झोंबत नाहीं, तोंडांतील अन्नकण व चिकटा धुऊन नेतें आणि सुजेला उतार देतें. हिरडीच्या पेशींना जखम भरून काढण्यास सौम्य मीठपाणी साह्य करतें, असें २०१६ सालीं प्रयोगशाळेंतील परीक्षणांतहि दिसून आलें. गरिबांच्या या औषधावर इंग्रज सरकारचा कर होता; १९३० सालीं तो मणाला सव्वा रुपया होता आणि १९४७ सालीं तो उठला. आगरांत खपणाऱ्या माणसानें आपल्याच राशींतील मूठभर मीठ हिरड्यांना चोळण्यासाठीं घरीं नेलें, तर तोहि कायद्यानें गुन्हाच.

काताची हकीकत याच मुलखांतली आहे. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रानांत खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणाऱ्या लोकांना तेवढ्यावरूनच कातकरी हें नांव पडलें. भाईंदर ज्या साष्टी बेटाच्या उत्तर टोंकाला आहे तें बेट आणि पलीकडील वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होतीं. मराठ्यांनीं तीं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत घेतलीं. त्या पोर्तुगीज अमलांत गार्सिया द ओर्ता नांवाचा एक विद्वान् वैद्य गोव्यांत राहत होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें. १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या त्याच्या ग्रंथांत हिंदी वनस्पतींवर जे संवाद आहेत, त्यांतील एक स्वतंत्र संवाद काताला दिलेला आहे. युरोपांतील औषधांच्या पेठेंत कात पुढें मान्यता पावला आणि तोंडाच्या व घशाच्या विकारांवर तुरट औषध म्हणून तिकडील वैद्यहि तो वापरूं लागले. हाच कात आपल्याकडे विड्यांत सुपारीच्या शेजारीं बसला, आणि सुपारीनें तोंडाचें काय केलें तें पुढें येईलच.

गुळणीची पोंच प्रत्यक्ष डोळ्यांनीं मोजणारा पहिला माणूस वैद्य नव्हता, हॉलंडमधील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी होता. अंतोनी व्हान लेव्हेनहूक हा स्वतः भिंगें घांसून त्यांतून वाटेल तें पाहत बसे. १६८३ च्या सप्टेंबरांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं, आपण रोज सकाळीं मिठानें दांत घासतों, पाण्यानें चूळ भरतों, आपले दांत आपल्या वयाच्या मानानें उत्तम आहेत. तरीहि दांतांच्या फटींत पांढरा पिठासारखा चिकटा राहतोच. तो चिकटा पाण्यांत कालवून भिंगाखालीं धरतांच त्याला त्यांत असंख्य जीव वळवळतांना दिसले. मनुष्यानें जंतु पाहिल्याच्या अगदीं पहिल्या नोंदींपैकीं ही एक आहे, आणि ती मीठ लावून घासलेल्या तोंडांतली आहे, याची मला नेहमीं गंमत वाटते.

येथेंच तो थांबला असता तरी त्याची कीर्ति झालीच असती. परंतु त्यानें पुढें तीव्र शिरका तोंडांत घेऊन खूप खळबळवला, मग पुन्हां चिकटा काढून पाहिला. जीव होतेच. तोच शिरका त्यानें कालवलेल्या चिकट्यांत थेंबभर टाकला, तेव्हां मात्र ते तत्काळ मेले. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, गुळणींतील शिरक्यानें चिकट्याच्या बाहेरील थरांतले जीव मारले, पण तो आंतपर्यंत शिरला नाहीं. औषध प्रभावी आहे आणि तरीहि तें पोंचत नाहीं, हे दोन निराळे प्रश्न आहेत हें इतक्या सोप्या प्रयोगानें दाखवून दिलें गेलें. या पत्राचा दंतवैद्यकानें जवळजवळ दोनशें वर्षें उपयोग केला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत जंतुशास्त्र जन्मास आलें. १८६७ सालीं जोसेफ लिस्टरनें कार्बोलिक आम्लानें जखमा निर्जंतुक ठेवण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. १८९० सालीं बर्लिनमध्यें काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें मुखांतील जंतूंवर आपला मोठा ग्रंथ लिहिला. रोगाचें मूळ जंतु, आणि जंतूंना मारणारें पाणी उपलब्ध. मग उरलें काय, असें लोकांना वाटलें तर नवल नाहीं. या समजुतीवर मोठमोठे कारखाने उभे राहिले. अमेरिकेंत सेंट लुईस येथें १८७९ सालीं डॉक्टर जोसेफ लॉरेन्स यांनीं लिस्टरचें नांव देऊन 'लिस्टरीन' तयार केलें; तें मुळांत शस्त्रक्रियेच्या वेळीं वापरण्याचें औषध होतें. १८९५ पासून तें दंतवैद्यांना विकलें जाऊं लागलें, आणि १९१४ सालीं चिठ्ठीवांचून कोणासहि मिळूं लागलें. जर्मनींत ड्रेस्डेनच्या कार्ल आउगुस्ट लिंगनरनें १८९३ पासून 'ओडोल' या गुळणीच्या बाटलीवर अगणित संपत्ति मिळविली आणि त्याच पैशाच्या व वजनाच्या बळावर १९११ सालीं आरोग्यशास्त्राचें प्रचंड आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविलें. त्याचें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

लिस्टरीनमधील एक प्रमुख द्रव्य थायमॉल. तें म्हणजे आपलें ओव्याचें फूल; दुसरें मेंथॉल, तें पुदिन्याचें फूल. या दोन वस्तु आपल्या आजीबाईच्या बटव्यांत होत्याच. नवीन होती ती जाहिरात. १९२० नंतर या कंपनीनें तोंडाच्या दुर्गंधीसाठीं 'हॅलिटोसिस' हा वैद्यकांतील अडगळींत पडलेला शब्द शोधून काढला, आणि आपल्या श्वासाला वास येतो म्हणून आपलें लग्न जमत नाहीं, अशी भीति घरोघर नेऊन पोंचविली. येथपासून गुळणी ही दुखऱ्या तोंडाचें औषध राहिली नाहीं. निरोगी माणसाच्या संकोचावर चालणारा तो व्यापार झाला.

याच सुमारास अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवीं जॉन रिग्ज नांवाचा एक दंतवैद्य निराळेंच कांहीं सांगत होता. १८४४ सालीं होरेस वेल्स याचा दांत नायट्रस ऑक्साइड वायु हुंगवून काढला गेला, तो काढणारा हाच रिग्ज. १८७६ सालीं त्यानें हिरड्यांतील पुवावर निबंध प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें कीं, या रोगाचें कारण हिरडीखालीं दांताच्या मुळावर चढलेली खर आहे; ती बारीक हत्यारांनीं खरवडून काढा आणि दांत गुळगुळीत करा, म्हणजे हिरडी आपोआप बसेल. पायोरियाला कित्येक वर्षें 'रिग्जचा रोग' हेंच नांव होतें. सुश्रुताचा ग्रंथ त्यानें पाहिला असण्याचा संभव नाहीं, पण त्यानें धरलेली वाट तीच. ती कष्टाची होती, वेळ घेणारी होती, रोग्याला नकोशी होती. बाटली विकत घेणें सोपें होतें. त्यांत १९१० सालीं विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरनें माँट्रियल येथील व्याख्यानांत तोंडांतील पू हा सर्व शरीराच्या रोगांचें मूळ असल्याचें प्रतिपादन केलें, आणि पुढील वीस-तीस वर्षें युरोप-अमेरिकेंत सरसकट दांत उपटण्याची एक लाटच आली. गुळणी करून पाहावी, न जमल्यास सर्व दांत काढावे, अशीं दोन टोंकें. मधली खरवडण्याची वाट ओस.

आपल्याकडे दंतवैद्यकाचें रीतसर शिक्षण उशिरा आलें. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयाचा आरंभ १९३३ चा, आणि दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९४८ चा. तत्पूर्वीं बहुतेकांच्या नशिबीं राखुंडी, मीठ, तुरटी आणि शेवटीं रस्त्यावर चिमटा घेऊन बसणारा माणूस.

आतां अर्वाचीन काळांतील सर्वांत मोठ्या गुळणीकडे येतों. तिचा जन्म हिवतापाच्या संशोधनांतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मँचेस्टर येथील आय. सी. आय. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं पॅल्युड्रिन हें हिवतापावरील औषध शोधलें. त्याच जातीच्या संयुगांचा पाठपुरावा करतांना त्यांना क्लोरहेक्सिडीन सांपडलें आणि १९५४ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. प्रथम तें कातडीवरील जखमांसाठीं वापरलें गेलें. त्याचा एक गुण असा कीं, तें दांतांना व त्वचेला चिकटून बसतें आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहतें. इतर गुळण्या थुंकल्याबरोबर संपतात.

त्याच वेळीं डेन्मार्कमधील ऑरहूस येथें हॅराल्ड ल्यो हा नॉर्वेजियन संशोधक हिरड्यांच्या दाहाचें कारण शोधीत होता. १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगांत बारा निरोगी माणसांनीं, ज्यांत बहुतेक त्याचे विद्यार्थी होते, दांत घासणें अजिबात बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराहि जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हां सुरू करतांच आठवडाभरांत त्या पूर्ववत् झाल्या. चिकटा हेंच कारण, हें इतकें निःसंदिग्धपणें पूर्वीं कोणीं सिद्ध केलें नव्हतें. पुढें १९७० सालीं ल्यो आणि श्यॉट यांनीं न घासणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन दशांश टक्के क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या दिवसांतून दोनदां करावयास दिल्या. चिकटा धरलाच नाहीं आणि हिरड्या सुजल्या नाहींत.

गुळणीच्या इतिहासांत इतका निर्णायक विजय दुसरा नाहीं. परंतु हा प्रयोग स्वच्छ केलेल्या दांतांवर झाला होता, ही गोष्ट बाटली विकत घेणाराच्या लक्षांत येत नाहीं. चिकटा नवीन धरूं न देणें निराळें, आणि हिरडी व दांत यांमध्यें कित्येक मिलिमीटर खोल गेलेल्या खिशांत जुनी खर बसलेली असतां तेथें पोंचणें निराळें. तोंडांत खळबळवलेला द्रव त्या खिशाच्या तोंडाशींच राहतो. म्हणून दंतवैद्य आज ही गुळणी देतात ती खर काढल्यानंतर, शस्त्रक्रियेनंतर, किंवा ज्याला हातानें घासणें अशक्य आहे अशा रोग्याला, आणि तीहि बहुधा एक-दोन आठवडेच. अधिक दिवस चालू ठेवली तर दांत व जीभ तपकिरी होतात, चव बिघडते, आणि खर कांहीं अंशीं वाढतेहि. दांत घासल्यावर लगेच ती करूं नये. दंतलेपांतील फेस आणणारें द्रव्य तिचें बळ मारतें, म्हणून मध्यें अर्धा तास जाऊं द्यावा.

घासणें व वैद्य यांपैकीं कांहींच नसतां काय होतें, तेंहि ल्योनें पाहिलें. सिंहलद्वीपांतील चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांचीं तोंडें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७० पासून पंधरा वर्षें वेळोवेळीं तपासलीं. सर्वांच्या दांतांवर खर, सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीहि शेंकडा ८ जणांचा रोग वेगानें वाढला, ८१ जणांचा मध्यम गतीनें, आणि ११ जणांचा सुजेपलीकडे गेलाच नाहीं. 'माझ्या आजोबांनीं आयुष्यभर फक्त मीठ वापरलें आणि त्यांचे सगळे दांत शाबूत होते', असें सांगणारा भेटला तर त्याच्यावर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. त्याचे आजोबा त्या अकरांतले असावेत.

हिरड्यांविषयीं इतकें पुरे. तोंड येण्याची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथें कित्येकदां मूळ तोंडांत नसतेंच. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेंत त्यांनीं गिरण्यांतून काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. १९३१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, मार्माइट या यीस्टच्या साध्या अर्कानें या स्त्रिया बऱ्या होतात. त्या अर्कांतील जीवनसत्त्व म्हणजे पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून वेगळें केलेलें फोलिक आम्ल. याच्या अभावीं जीभ लाल, गुळगुळीत व हुळहुळी होते, तोंडांत फोड येतात. ब-१२ आणि लोह यांच्या अभावींहि तसेंच. आपण त्याला 'उष्णता झाली' म्हणतों आणि गुळण्यांचा मारा करतों. गुळणीनें जेवण्यापुरता आराम पडतो. जेवणांत काय कमी आहे तें ती सांगत नाहीं.

एके ठिकाणीं मात्र गुळणीनें आपली योग्यता पूर्णपणें सिद्ध केली आहे. १८६९ सालीं इरॅस्मस विल्सन यानें वर्णिलेला 'लायकेन प्लेनस' हा त्वचेचा विकार पुष्कळांच्या केवळ तोंडांत होतो. गालाला आंतून पांढरी जाळी धरते, मध्येंच लाल सोलवटलेले भाग होतात, आणि हें वर्षानुवर्षें चालतें. स्टिरॉइड जातीचें औषध पाण्यांत विरघळवून कांहीं मिनिटें तोंडांत धरून थुंकलें, तर सर्व शरीराला त्याचा उपद्रव फारसा न होतां आग शमते. रोगच पृष्ठभागावर असल्यामुळें औषध जेथें हवें तेथें लागतें. कर्करोगावर किरणोपचार घेतांना तोंड सोलवटतें, तेव्हां बेंझिडामीनच्या गुळण्यांनीं मिळणारा दिलासाहि याच कारणानें खरा आहे.

आणि आतां सुपारी. १९५३ सालीं मुंबईचे घशाचे डॉक्टर एस. जी. जोशी यांनीं एक विकार वर्णिला. टाळू व गाल आंतून पांढरे, ताठ होत जातात, तिखट सोसत नाहीं, आणि हळूहळू तोंड उघडेनासें होतें. आदल्याच वर्षीं श्वार्ट्झ यानें केनियांतील पांच हिंदी स्त्रियांत हाच विकार पाहून त्यावर लिहिलें होतें. त्याचें कारण सुपारी हें पुढें निश्चित झालें. अशा माणसाचें पहिलें गाऱ्हाणें 'तोंड आलें आहे' हेंच असतें, आणि पहिला उपाय गुळणी हाच असतो. बाटलीमागून बाटली संपते आणि तोंड बोटबोटानें मिटत जातें. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, ती या आणि याहून भयंकर रोगासाठीं.

मिशरीचें तसेंच. जाळलेल्या तंबाखूची ही पूड दांत स्वच्छ राहावे, दुखऱ्या हिरडीला बरें वाटावें, म्हणून प्रथम बोटावर घेतली जाते आणि मग सुटत नाहीं. औषध समजून घेतलेल्या वस्तूनेंच तोंडाचा घात झाल्याचें याहून ढळढळीत उदाहरण मला माहीत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील डॉक्टर फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुणें जिल्ह्यांतील खेड्यांतून १,०१,७६१ माणसांचीं तोंडें तपासलीं, त्याचा वृत्तान्त १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. घरोघर जाऊन, दारांत उजेडाला बसवून, एकेक तोंड. तोंडांतला पांढरा चट्टा किंवा जी जखम तीन आठवडे झाले तरी भरत नाहीं ती, गुळणीखालीं झांकून न ठेवतां डॉक्टरला दाखवावी, या आजच्या नियमामागें अशीं हजारों माणसें उभीं आहेत.

याच मंडळींनीं पुढें केरळ, आंध्र आणि गुजरात येथील खेड्यांत तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या ३६,००० लोकांना वर्षानुवर्षें ती सोडण्याविषयीं समजावून सांगितलें आणि त्यांचीं तोंडें दरसाल पाहिलीं. १९८६ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, जेथें पुष्कळांनीं तंबाखू सोडली किंवा कमी केली, तेथें पांढरे चट्टे नव्यानें उठण्याचें प्रमाण उतरलें.